चार न्यूरॉन आणि एक एक्सेल शीट: पेशींचा गट मिळून दिशा कशी सांगतो ते स्वतः करून बघा

किचनमध्ये झुरळावर चप्पल उगारली आणि ती खाली पोचायच्या आत ते पळालं, हे प्रत्येक घरात झालेलं असतं. चप्पल खाली येताना पुढची हवा ढकलते, ती झुळूक झुरळाच्या मागच्या टोकाला असलेल्या दोन शेपट्यांना लागते, त्या शेपट्यांवर बारीक केस असतात, आणि त्या केसांच्या हलण्यावरून त्याला कळतं की वारा कुठून आला. रातकिड्याकडेही हेच यंत्र आहे, या शेपट्यांना सर्साय म्हणतात, आणि रातकिड्यामध्ये या गोष्टीचा अभ्यास इतका बारकाईने झालाय की न्यूरॉनचा गट मिळून माहिती कशी ठेवतो हे शिकायचं असेल तर मी सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला सांगतो. माकडाचा किंवा उंदराचा मेंदू नंतर, आधी रातकिडा.

कारण असं की इथे न्यूरॉन मोजायला सोपे आहेत. केसांकडून आलेली माहिती पोटाच्या शेवटच्या गँग्लियनमध्ये (न्यूरॉनच्या गुच्छात) जाते, आणि तिथून पुढे हळूवार वाऱ्याची दिशा सांगायचं मुख्य काम चार न्यूरॉन करतात, दोन डावीकडचे दोन उजवीकडचे. फ्रेडरिक थ्युनिसेन आणि जॉन मिलर यांनी १९९१ मध्ये हे चार न्यूरॉन नीट मोजून दाखवले. प्रत्येकाची एक आवडती दिशा असते, त्या दिशेने वारा आला की तो सगळ्यात जास्त फायर होतो, म्हणजे सगळ्यात जास्त स्पाइक (छोटे विद्युत झटके) देतो, आणि या चार आवडत्या दिशा एकमेकांपासून जवळपास ९० अंशांवर आहेत. मी पुढे ४५, १३५, २२५ आणि ३१५ असे धरतोय. फक्त चार जण, आणि ३६० अंश. मग मधल्या दिशा कशा कळतात? हाच प्रश्न घेऊन शीट बनवायची. कोडिंग येत असेल तर पायथनमध्ये करा, पण खरं सांगतो पहिल्यांदा एक्सेलमध्येच करा, प्रत्येक आकडा डोळ्यासमोर दिसतो आणि त्यातून जे समजतं ते तयार लायब्ररी वापरून समजत नाही.

आधी कागदावर, दहा मिनिटं

ट्यूनिंग कर्व्ह म्हणजे काय ते आधी पक्कं करा. दिशा आडव्या अक्षावर, फायरिंग उभ्या अक्षावर, त्या न्यूरॉनचा सरासरी प्रतिसाद म्हणजे त्याचा ट्यूनिंग कर्व्ह. या चार न्यूरॉनचा कर्व्ह जवळपास कोसाइनसारखा आहे, फक्त कोसाइन जिथे शून्याखाली जातो तिथे शून्यच धरायचं, कारण उणे स्पाइक नावाची गोष्ट नसते. जास्तीत जास्त २० स्पाइक येतात असं धरा (हा आकडा मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलाय).

आता वारा ६० अंशांवरून आला. ४५ वाला न्यूरॉन: फरक १५ अंश, कोसाइन ०.९६६, म्हणजे १९.३ स्पाइक. १३५ वाला: फरक ७५, कोसाइन ०.२५९, म्हणजे ५.२. बाकी दोघं शून्य.

इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा. समजा तुम्हाला फक्त ४५ वाल्याचे १९.३ दिसतायत. वारा कुठून आला? ६० वरून? की ३० वरून? दोन्हीकडे फरक १५ अंशच आहे, आकडा तोच येणार. किंवा वारा बरोबर ४५ वरूनच आला पण थोडा मंद होता, तरी आकडा तोच येईल. म्हणजे एकटा न्यूरॉन कितीही चांगला असला तरी तो दिशा आणि जोर वेगळे करूच शकत नाही. हे फक्त रातकिड्याचं नाही बरं का, तुमच्या डोळ्यातल्या शंकूपेशींचंही हेच आहे. एक शंकूपेशी स्वतः रंग ओळखत नाही, तिला फक्त किती प्रकाश शोषला गेला तेवढं कळतं, आणि तीन प्रकारच्या पेशींच्या प्रतिसादाची तुलना झाली की रंग तयार होतो. म्हणून तर मोबाइलच्या स्क्रीनवर पिवळा दिवा नसतानाही, फक्त लाल आणि हिरवा पेटवून, आपल्याला हळद पिवळीधमक दिसते.

तर माहिती तुलनेत आहे. हे वाक्य डोक्यात ठेवून पुढे चला, सगळी शीट यावरच उभी आहे.

पॉप्युलेशन व्हेक्टर काढायचा

प्रत्येक न्यूरॉनला एक बाण समजा. बाणाची दिशा म्हणजे त्याची आवडती दिशा, बाणाची लांबी म्हणजे त्याने किती स्पाइक दिले. सगळे बाण टोकाला टोक जोडून बेरीज करा, जो बाण मिळेल तो गटाचा अंदाज. एवढंच आहे. अपोस्टोलोस जॉर्जोपोलोस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये माकडाच्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागात, हात कुठल्या दिशेला जाणार हे याच पद्धतीने काढून दाखवलं होतं, तिथे शेकडो न्यूरॉन होते, इथे चारच, गणित तेच.

आपल्या उदाहरणात ४५ च्या दिशेला १९.३ लांबीचा बाण आणि त्याला काटकोनात, १३५ च्या दिशेला, ५.२ चा. कोन किती? ४५ अधिक (५.२ भागिले १९.३) चा आर्कटॅन, म्हणजे ४५ अधिक १५, बरोबर ६०. चार न्यूरॉन, आणि मधली दिशा अचूक. कारण कोसाइन म्हणजेच त्या अक्षावरची सावली, आणि दोन काटकोनी अक्षांवरच्या सावल्या माहीत असतील तर मूळ बाण परत मिळतोच, हे आपण अकरावीच्या फिजिक्समध्ये केलेलं आहे. एक अक्ष सांगायला एक न्यूरॉन पुरत नाही कारण तो उणे जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक अक्षाला समोरासमोर दोन, असे चार. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, आपण पुस्तकात शिकलेले एक्स आणि वाय अक्ष एका किड्याच्या शरीरात तिरपे बसवलेले आहेत.

शीट

वरच्या ओळीत चार आवडत्या दिशा लिहा. डावीकडच्या कॉलममध्ये वाऱ्याची खरी दिशा, ० ते ३५९. प्रत्येक खान्यात फॉर्म्युला: शून्य आणि २० गुणिले कोसाइन, यातला जो मोठा तो, अधिक १. हे शेवटचं अधिक १ विसरू नका, न्यूरॉन शांत असतानाही अधूनमधून एखादा स्पाइक देतो त्यासाठी ते आहे, आणि ते नसेल तर पुढे दोन ठिकाणी शीट एरर देते, ते येईलच.

दोन चुका जवळपास सगळेच करतात. पहिली, एक्सेलचं कोसाइन फंक्शन रेडियन मागतं, अंश नाही, त्यामुळे आधी रेडियन्स फंक्शनमधून घ्या, नाहीतर कर्व्ह वेडावाकडा येतो. दुसरी जास्त त्रासदायक आहे: एटॅनटू फंक्शनला एक्सेलमध्ये आधी एक्स मग वाय द्यायचं असतं, आणि पायथनच्या नमपायमध्ये आधी वाय मग एक्स. उलटं झालं की उत्तर आरशातल्यासारखं फिरतं, ४५ ला मात्र बरोबर येतं, म्हणून टेस्ट करताना ४५ घेतलंत तर चूक सापडतच नाही. टेस्ट नेहमी ६० किंवा २०० वर करा.

आणि अजून एक, अंशांची साधी सरासरी कधीही काढू नका. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, म्हणजे बरोबर विरुद्ध दिशा. अंदाज आणि खरी दिशा यांतला फरक काढतानासुद्धा तो उणे १८० ते १८० मध्ये आणून मग बघा.

आता नॉइज घाला, खरी मजा इथे आहे

खरा न्यूरॉन एकाच वाऱ्याला दरवेळी तेवढेच स्पाइक देत नाही. १९ अपेक्षित असतील तर कधी २२ येतात, कधी १५. ढोबळमानाने स्पाइकच्या आकड्याचा व्हेरियन्स (आकडे किती विखुरतात त्याचं माप) त्याच्या सरासरीइतकाच असतो, याला पॉइसन म्हणतात, अगदी तंतोतंत नाही पण सुरुवातीला पुरतं. एक्सेलमध्ये पॉइसन रँडम सरळ मिळत नाही, तर नॉर्म इन्व्हर्स फंक्शनमध्ये रँड, सरासरी, आणि सरासरीचं वर्गमूळ असं द्या, राउंड करा, उणे आलं तर शून्य करा. इथे सरासरी शून्य असेल तर फंक्शन एरर देतं, म्हणून ते अधिक १. प्रत्येक दिशेसाठी असे २०० ट्रायल बनवा, प्रत्येक ट्रायलचा पॉप्युलेशन व्हेक्टर काढा, आणि अंदाजातल्या चुकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन बघा. एफ नाइन दाबलं की सगळे नवीन आकडे येतात, चार-पाचदा दाबून बघा म्हणजे किती हलतं त्याचा अंदाज येतो.

६० अंशांना चूक साधारण ८ अंश येईल. आता ४५ करून बघा, साधारण ४ अंशांवर येईल. आणि ९० ला, म्हणजे दोन न्यूरॉनच्या बरोबर मध्ये, साडेअकराच्या आसपास. ही शीटमधली गडबड नाहीये. हे का होतं ते समजून घ्या कारण या विषयातली सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट इथेच आहे.

सगळ्यांना वाटतं ४५ ला चूक कमी कारण ४५ वाला न्यूरॉन तिथे जोरात फायर होतोय. पण वारा ४५ वरून ५५ ला सरकला तर त्या न्यूरॉनचे स्पाइक किती बदलतात? २० चे १९.७. म्हणजे काहीच नाही, नॉइजमध्ये बुडून जाईल. आणि १३५ वाला, जो जवळपास गप्प होता, तो शून्यावरून ३.५ वर जातो, आणि गप्प असल्यामुळे त्याचा नॉइजही कमी आहे. म्हणजे ४५ च्या आसपासचे बारीक बदल जो सांगतोय तो १३५ वाला आणि ३१५ वाला. शिखरावर कर्व्ह सपाट असतो, उतारावर तो तीव्र असतो, आणि लहान फरक ओळखायचा तर उतारच कामाला येतो. या उताराचा वर्ग भागिले नॉइजचा व्हेरियन्स, सगळ्या न्यूरॉनवर बेरीज, याला फिशर इन्फर्मेशन म्हणतात, (पॉइसन असेल तर व्हेरियन्सच्या जागी सरासरी येते), हा एक कॉलम शीटमध्ये जरूर टाका. नवशिके लोक डेटामध्ये सगळ्यात जास्त फायर होणारे न्यूरॉन निवडतात आणि बाकीचे फेकून देतात, ते असं माहितीच फेकून देत असतात, म्हणून मी हे इतकं ताणून सांगतोय.

वेळेचंही बघून घ्या. मोजायची वेळ चौपट केली, म्हणजे सगळे आकडे गुणिले ४, तर चूक निम्मी होते. पण झुरळाकडे चौपट वेळ नसतो. थांबलं तर चप्पल बसते. म्हणून जास्त वेळ मोजण्याऐवजी जास्त न्यूरॉन एकाच वेळी मोजणं हा मार्ग, आणि त्यासाठीच गट.

व्हेक्टरपेक्षा चांगलं डीकोडिंग

डीकोडिंग म्हणजे स्पाइकवरून दिशा ओळखणं. पॉप्युलेशन व्हेक्टर समजायला छान पण त्यात एक खोट आहे, तो प्रत्येक स्पाइकला सारखंच वजन देतो. समजा स्पाइक आले १९, ५, २, ०. तिसरा, २२५ वाला, ४५ च्या बरोबर विरुद्ध आहे, त्यामुळे त्याचे २ सरळ १९ मधून वजा होतात आणि कोन ५९.७ वरून ६१.४ होतो. पण विचार करा, ६० च्या आसपास वारा कुठूनही आला तरी २२५ वाल्याचं अपेक्षित फायरिंग १ च आहे, त्याचा कर्व्ह तिथे सपाट आहे, मग त्याच्या दोन फुटकळ स्पाइकना दिशेबद्दल बोलायचा काय अधिकार?

मॅक्सिमम लाइकलीहुड हे बरोबर करतं. पद्धत अशी: ० ते ३५९ प्रत्येक दिशेसाठी विचारायचं की वारा इथून आला असता तर मला दिसलेले हे चार आकडे यायची शक्यता किती. पॉइसनसाठी स्कोअर असा, प्रत्येक न्यूरॉनसाठी (दिसलेले स्पाइक गुणिले अपेक्षित स्पाइकचा लॉग) उणे (अपेक्षित स्पाइक), मग चौघांची बेरीज. ट्यूनिंगचं टेबल तुमच्याकडे आहेच, ३६० ओळींत हा एक कॉलम वाढवा, जिथे स्कोअर सगळ्यात मोठा ती दिशा उत्तर. शून्याचा लॉग घेता येत नाही, म्हणून परत ते अधिक १. दोन्ही पद्धती एकाच ट्रायलवर चालवा आणि चुका शेजारी शेजारी ठेवा. फरक प्रचंड नसतो, चार काटकोनी कोसाइन असताना व्हेक्टर मुळातच बरा चालतो, पण आवडत्या दिशा असमान पसरलेल्या असतील, समजा दहा न्यूरॉन उजवीकडे आणि तीन डावीकडे, तर साधा व्हेक्टर सरळ उजवीकडे ओढला जातो आणि लाइकलीहुड ओढलं जात नाही. मुद्दाम असे असमान तेरा न्यूरॉन बनवून बघा. एमिलियो सालिनास आणि लॅरी अ‍ॅबट यांनी १९९४ मध्ये या पद्धतींची तुलना केली होती आणि त्यातलं एक उदाहरण हाच रातकिडा होता.

सगळे एकदम चुकले तर?

आतापर्यंत प्रत्येक न्यूरॉनचा नॉइज वेगळा होता. असं असेल तर न्यूरॉन वाढवत जा, चूक कमी होत जाईल, कधीच थांबणार नाही. पण खऱ्या मेंदूत शेजारचे न्यूरॉन बऱ्याचदा एकत्र वर जातात एकत्र खाली येतात, कारण त्यांना इनपुट काही प्रमाणात एकाच ठिकाणाहून येतो. पन्नास जणांना किती वाजले विचारलं आणि सगळ्यांनी स्टेशनवरचं तेच पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ बघून सांगितलं, तर पन्नास उत्तरं मिळूनही चूक पाच मिनिटांचीच राहते.

शीटमध्ये करायला सोपं आहे. प्रत्येक ट्रायलला एक सामायिक रँडम आकडा घ्या आणि प्रत्येक न्यूरॉनचा स्वतःचा एक. कोरिलेशन म्हणजे न्यूरॉन किती प्रमाणात एकत्र वरखाली होतात त्याचं माप. नॉइज म्हणजे कोरिलेशनच्या वर्गमुळाने गुणलेला सामायिक, अधिक (१ उणे कोरिलेशन) च्या वर्गमुळाने गुणलेला स्वतःचा. आता सारख्या ट्यूनिंगचे न्यूरॉन घेऊन त्यांची सरासरी काढा. मकाक माकडाच्या एमटी भागात, जिथे हालचालीची दिशा ओळखली जाते, झोहारी, शॅडलेन आणि न्यूसम यांनी १९९४ मध्ये न्यूरॉनच्या जोड्यांमध्ये सरासरी ०.१२ कोरिलेशन मोजलं होतं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? हिशोब करा. १० न्यूरॉन घेतले तर ते साधारण ४.८ स्वतंत्र न्यूरॉनइतकं काम करतात. १०० घेतले तर ७.८. १,००० घेतले तर ८.३. आणि तिथून पुढे हलत नाही, लाख घ्या नाहीतर कोटी घ्या, १ भागिले ०.१२ म्हणजे ८.३ वर भिंत. हा आकडा स्वतः काढून बघितल्यावर माझा या विषयाकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला, तोपर्यंत मला वाटायचं की जास्त रेकॉर्डिंग म्हणजे जास्त माहिती.

पण म्हणून कोरिलेशन वाईटच असा निष्कर्ष काढू नका, हे लोक घाईने काढतात. ती भिंत सारख्या ट्यूनिंगच्या न्यूरॉनची सरासरी काढताना येते. तुलना केली तर? समजा एका न्यूरॉनला डावीकडची दिशा आवडते आणि एकाला उजवीकडची, आणि दोघांत सामायिक नॉइजने ५ वाढले, तर वजाबाकीत ते ५ निघून जातात, म्हणजे इथे सामायिक नॉइज निरुपद्रवी आहे.

रातकिड्याच्या शीटवर हे आणखी छान दिसतं. १९ आणि ५ घ्या, कोन ५९.७. दोघंही ३० टक्क्यांनी वाढले, गुणाकाराने, तर गुणोत्तर तेच, कोन तोच, एक अंशही हलणार नाही. पण दोघांत ४ मिळवले, २३ आणि ९, तर कोन ६६.४. म्हणजे नॉइज सामायिक आहे का एवढं विचारून भागत नाही, तो कुठल्या आकाराचा आहे ते बघावं लागतं. दिशा बदलल्यावर गटाचा प्रतिसाद ज्या प्रकारे बदलतो, नॉइजही बरोबर त्याच प्रकारे हलवत असेल तर डीकोडरला फरक कळायला मार्गच नाही, आणि तोच नॉइज माहितीवर खरी मर्यादा घालतो. बाकीचा सामायिक नॉइज हुशार डीकोडर बाजूला काढू शकतो.

(मध्येच एक गोष्ट, वास. तिथे अंश नसतात, आवडती दिशा नसते, त्यामुळे बाणांची बेरीज करायला जाऊ नका. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये वासाच्या रिसेप्टरांचं मोठं जीन कुटुंब शोधलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर काम करतात, एक वास अनेक रिसेप्टरांना लागतो आणि एक रिसेप्टर अनेक वासांना, म्हणजे कोण कोण पेटलंय त्याचा पॅटर्न हाच कोड. अशा डेटासाठी प्रत्येक वासाचा सरासरी पॅटर्न काढा आणि नवीन ट्रायल कुठल्या पॅटर्नच्या जवळ आहे ते अंतर मोजा, सुरुवात तिथून.)

खऱ्या डेटावर

शीट झाली की खरा डेटा घ्या, फुकट आहे आणि घरबसल्या मिळतो. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने उंदरांच्या मेंदूतल्या व्हिज्युअल (बघण्याशी संबंधित) भागांतलं न्यूरोपिक्सेल्स रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. न्यूरोपिक्सेल्स म्हणजे केसासारखी बारीक सिलिकॉनची सुई, २०१७ मध्ये आली, ९६० जागांपैकी एका वेळी ३८४ जागांवरून रेकॉर्ड करते, म्हणजे शेकडो न्यूरॉन खरोखर एकाच क्षणी. हे एकाच क्षणी असणं महत्त्वाचं, आज एक न्यूरॉन उद्या दुसरा असं रेकॉर्ड केलं तर सामायिक नॉइज मोजताच येत नाही. इथे एक्सेल सोडून पायथन घ्यावं लागेल, त्यांची अ‍ॅलन एसडीके लायब्ररी आहे, एकेका सेशनची फाइल जीबींमध्ये असते, रात्री डाउनलोडला लावून झोपा.

ड्रिफ्टिंग ग्रेटिंग्ज असलेलं सेशन घ्या, म्हणजे स्क्रीनवर सरकणारे पट्टे. ८ दिशा, ५ वेग, प्रत्येक जोडी १५ वेळा, एकेक २ सेकंद, म्हणजे ६०० ट्रायल. प्रायमरी व्हिज्युअल कॉर्टेक्सचे न्यूरॉन निवडा, प्रत्येक ट्रायलच्या २ सेकंदांतले स्पाइक मोजा, ६०० ओळी आणि जितके न्यूरॉन तितके कॉलम अशी मॅट्रिक्स बनवा. आणि डीकोडरला विचारा की पट्टे कुठल्या दिशेला सरकत होते. आठ दिशा आहेत म्हणजे नुसत्या अंदाजाने १२.५ टक्के बरोबर येतात, तुमचा आकडा त्याच्या वर किती ते बघायचं.

डीकोडर साधाच घ्या. पॉइसन लाइकलीहुड, जो तुम्ही शीटमध्ये केलाय तोच, फक्त चारऐवजी शंभर न्यूरॉन. पाचातला एक भाग ट्रायल बाजूला काढून ठेवा, बाकीच्यावर ट्यूनिंग काढा, काढून ठेवलेल्यावर तपासा, पाच वेळा फिरवा. ज्या ट्रायलवर शिकवलं त्याच ट्रायलवर तपासलं तर न्यूरॉन भरपूर असताना आकडा नेहमीच भारी दिसतो, त्याला अर्थ नसतो. न्यूरॉन निवडणं, सरासरी वजा करणं, स्केल करणं, हे सगळंसुद्धा फक्त शिकवायच्या भागावरून ठरवा, संपूर्ण डेटावरून ठरवलं की तपासणीचं उत्तर आधीच फुटलेलं असतं. खात्रीसाठी दिशांची लेबलं पिसून तोच कोड परत चालवा, १२.५ च्या आसपास आलं पाहिजे, ३० आलं तर कुठेतरी गळती आहे, ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आकडा आल्यावर लगेच खूश होऊ नका, कुठली दिशा कुठल्या दिशेशी गोंधळते त्याचं आठ गुणिले आठ टेबल काढा. बऱ्याच चुका शेजारच्या दिशेत नसून बरोबर १८० अंशांवर सापडतील. इथले कितीतरी न्यूरॉन पट्टे कसे तिरके आहेत ते ओळखतात, ते डावीकडे सरकतायत की उजवीकडे याचं त्यांना कमी देणंघेणं असतं. तुम्हाला फक्त तिरकेपणा डीकोड करायचा असेल तर लक्षात ठेवा, तिरकेपणाचं वर्तुळ १८० अंशांतच पूर्ण होतं, म्हणून बाण काढायच्या आधी कोन दुप्पट करायचा आणि उत्तर आल्यावर निम्मा.

आता न्यूरॉन ५, १०, २०, ५०, १०० असे वाढवत आलेख काढा, प्रत्येक आकड्यासाठी रँडम निवड वीसेक वेळा करून. आलेख वर जातो आणि मग आडवा व्हायला लागतो. तो सामायिक नॉइजमुळे आडवा होतोय का हे बघायचं तर ट्रायल पिसायचे: एकाच स्टिम्युलसच्या १५ ट्रायलमध्ये प्रत्येक न्यूरॉनच्या कॉलममधले आकडे स्वतंत्रपणे उलटसुलट करायचे. ट्यूनिंग तसंच राहतं, प्रत्येकाचा स्वतःचा नॉइज तसाच राहतो, फक्त एकत्र वरखाली होणं मोडतं. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिशा तीच ठेवून पाचही वेगांचे ट्रायल एकत्र पिसणं. वेग बदलला की न्यूरॉनचा सरासरी प्रतिसादच बदलतो, तो नॉइज नाहीये, तो खरा सिग्नल आहे, आणि तो तुम्ही विस्कटून टाकता. दिशाही तीच आणि वेगही तोच असलेले १५, त्यांच्यातच पिसा.

आणि त्या उंदराच्या धावण्याची नोंद जरूर बघा. रेकॉर्डिंगच्या वेळी तो चाकावर असतो, कधी पळतो कधी थांबतो, आणि पळताना व्हिज्युअल कॉर्टेक्समधले बरेच न्यूरॉन जास्त फायर होतात. म्हणजे तुम्हाला दिसलेल्या कोरिलेशनचा काही भाग पळण्या-थांबण्यातूनच आलेला असू शकतो. धावण्याचा वेग फाइलमध्येच दिलेला आहे. थांबलेले ट्रायल वेगळे काढा, पळणारे वेगळे, दोन्हीकडे कोरिलेशन स्वतंत्र मोजा आणि मगच पिसलेल्या आणि न पिसलेल्या डेटाचे आलेख एकावर एक ठेवा.